फ्लॅट घेण्याआधी: कोणता कागद कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो?

करमाळ्यात कुणी फ्लॅट बघायला लागलं की तीन प्रश्न ठरलेले असतात. रेट काय चाललाय? स्टँडपासून किती लांब? आणि बँक लोन देतीय का? तिन्हींची उत्तरं मनासारखी आली की टोकन देऊन मोकळे. बैल घेताना आपल्याकडं यापेक्षा जास्त चौकशी होते. दात बघतात, चालवून बघतात, आधीच्या मालकानं का विकायला काढला ते तिसऱ्याच माणसाकडून काढून घेतात.

हा लेख फ्लॅटवर आहे, पण लिहिलाय तो पेट किंवा नेट देऊन संशोधनाकडं वळणाऱ्या तुमच्यासाठी. साधनचिकित्सा म्हणजे प्रत्यक्षात करायचं काय, हा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा असतो. पुस्तकात व्याख्या मिळते, उदाहरण मिळालंच तर शिलालेखाचं नाहीतर बखरीचं मिळतं. मी मुद्दाम फ्लॅट निवडला. एक तर इथं साधन चुकीचं वाचलं तर मार्गदर्शकाची लाल रेघ मिळत नाही, वीस वर्षांचा हप्ता मिळतो. दुसरं म्हणजे येत्या काही वर्षांत घरातलं कुणीतरी कागदांची पिशवी तुमच्यासमोर ठेवणार आहे आणि म्हणणार आहे, "तू एवढी शिकलीयस, बघ जरा." उजनीच्या काठच्या गावांतून ऊस-केळीचे पैसे आले की मुलांच्या शाळेसाठी करमाळ्यात नाहीतर पुण्याला हडपसरकडं घर बघायचं, हे आता घरोघरी चालू आहे. आणि पैसे सहसा एकदाच येतात.

सगळ्या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची आहे. कागद शंभर टक्के खरा असला तरी तो ज्या प्रश्नासाठी तयार झाला त्याच प्रश्नाचं उत्तर देतो. बाकीची उत्तरं आपण त्याच्या तोंडी घालतो.

आधी प्रश्न फोडा

'हा फ्लॅट घ्यावा का?' हा संशोधनाचा प्रश्न नाही. याला उत्तर म्हणून फक्त मत मिळतं, आणि मत द्यायला चौकात माणसं तयारच असतात. प्रश्न फोडला की तो तपासता येतो. खालची जमीन कुणाची, आणि त्याला ती विकता येते का? वरची इमारत परवानगीनं बांधली का, आणि परवानगीप्रमाणे बांधली का? पैसे दिल्यावर कायद्यानं नेमकं माझ्या नावावर काय होतं? दहा वर्षांनी गच्ची गळाली तर ती कोण दुरुस्त करणार? शेवटचा प्रश्न लोकांना क्षुल्लक वाटतो. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, का ते पुढं येईल.

जमीन: सातबारा काय सांगतो आणि काय नाही

सातबारा दाखवला की आपल्याकडं विषय संपतो. पण सातबारा मुळात तयार झाला तो महसुलासाठी. सारा कुणाकडून घ्यायचा, पीक काय, याची ती नोंद. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अशी नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरली जाते. 'खोटी ठरेपर्यंत' हे शब्द विसरू नका. मालकी ठरवण्याचं काम तलाठ्याचं नाही, दिवाणी न्यायालयाचं आहे. फेरफार मंजूर झाला म्हणून मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं अनेक निकालांत सांगितलंय.

मग सातबारा फेकून द्यायचा का? अजिबात नाही. तो नीट वाचायचा. लोक मालकाचं नाव बघतात आणि थांबतात. तुम्ही 'इतर हक्क' हा रकाना बघा. सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज, कुळाची नोंद, न्यायालयाचा मनाई हुकूम हे तिथं असतं. आणि भूधारणा पद्धती बघा: भोगवटादार वर्ग-१ आहे की वर्ग-२. वर्ग-२ म्हणजे जिल्हाधिकारी किंवा सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतर करता येत नाही अशी जमीन. हे आपल्या तालुक्यात फार जपून बघायला हवं. १९८०च्या सुमारास उजनी धरण झालं, करमाळा तालुक्यातली गावं पाणफुगवट्यात गेली, माणसं नव्या गावठाणांत आली. पुनर्वसनात मिळालेल्या जमिनींवर अशी बंधनं असतात. वतनाच्या जमिनींचंही तसंच, आणि देवस्थान इनामाची जमीन असेल तर बंधनं आणखी कडक. अशा जमिनीवर इमारत उभी राहिलेली दिसते, रंग दिलेला दिसतो, खाली किराणा दुकान चालू दिसतं. बंधन डोळ्यांना दिसत नाही, ते रकान्यात असतं.

गावठाणात आणि नगर भूमापन झालेल्या भागात सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका असते. तिथं 'सत्ता प्रकार' हा रकाना वाचायचा. दोन्ही उतारे निघत असतील तर दोन्ही काढा आणि क्षेत्र जुळतंय का ते बघा. जुळत नसेल तर विकणाऱ्याला लगेच खोटारडा ठरवू नका. दोन कागदांत फरक पडला की संशोधकाला आनंद व्हायला हवा, कारण तिथंच काहीतरी घडलेलं असतं. रस्त्यात गेलेली जागा, नोंद न झालेली वाटणी, किंवा जुनी मोजणी.

आता वारसांचा मुद्दा. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि केंद्रानं २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतका हक्क दिला. ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आणखी स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानं येतो, वडील २००५ ला हयात होते की नव्हते यावर तो अवलंबून नाही. जमीन तीन भावांच्या नावावर दिसते आणि तिघांनी बिल्डरबरोबर विकसन करारनामा केलेला असतो. तुमचा प्रश्न एकच: बहिणी किती? त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र आहे का? "बहिणींचं काही म्हणणं नाही हो, दिवाळीला येतात-जातात" हे उत्तर मिळेल. ते नात्याबद्दलचं उत्तर आहे, हक्काबद्दलचं नाही.

मालकीची साखळी तपासायची तर दुय्यम निबंधक कार्यालयातल्या नोंदी, म्हणजे सूची क्रमांक २, बघाव्या लागतात. वकील साधारण तीस वर्षांचा शोध घेतात. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची सोय आहे, पण मुंबई सोडून उरलेल्या महाराष्ट्राच्या नोंदी तिथं २००२ पासूनच्या मिळतात. त्याआधीचं बघायचं तर कार्यालयात जाऊन शोध घ्यायला लागतो. म्हणजे संगणकावर 'काही सापडलं नाही' आणि 'काही नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही जर्नलच्या डेटाबेसमध्ये शोध घेता तेव्हाही नेमकं हेच असतं. त्या जागेचा जुना सर्व्हे नंबर आणि एकत्रीकरणानंतरचा गट नंबर वेगळा असू शकतो. नुसता गट नंबर टाकून शोधलं तर जुने व्यवहार हाती लागणारच नाहीत. दोन्हीनं शोधा.

जाता जाता, साठेखत आणि खरेदीखत यातला फरक. साठेखत म्हणजे पुढं विकण्याचा करार. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५४ प्रमाणे नुसत्या अशा करारानं मिळकतीत हक्क निर्माण होत नाही. आणि नोटरी केलेला कागद किंवा मुखत्यारपत्र म्हणजे खरेदी, हा समज तर सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या सूरज लॅम्प निकालातच मोडीत काढला आहे. तरीही तालुक्याच्या गावाला अजून असे व्यवहार 'आपल्या माणसातला आहे' म्हणून होतात.

इमारत: घरपट्टी भरली म्हणजे अधिकृत झाली का?

इथं तीन कागद लागतात: मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र. करमाळा शहरात हे नगरपरिषदेकडून मिळतात. लोक यांच्याऐवजी दाखवतात घरपट्टीची पावती. शहराच्या हद्दीबाहेर गेलं की ग्रामपंचायतीचा नमुना ८. हे दोन्ही कराचे कागद आहेत. इमारत उभी आहे आणि तिच्यावर कर लागतो, एवढंच ते सांगतात. अनधिकृत बांधकामालाही कर लागतो.

हा फरक किती महाग पडू शकतो याचं उदाहरण मुंबईचं आहे. वरळीचं कॅम्पा कोला कंपाउंड. १९८०च्या दशकातलं बांधकाम, मंजुरी पाच मजल्यांची, प्रत्यक्षात काही इमारती त्याच्या कितीतरी पट उंच गेल्या. लोकांनी फ्लॅट घेतले, पाव शतक राहिले, कर भरले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वरचे मजले बेकायदेशीर ठरवले. त्या लोकांकडे कागद नव्हते असं नाही. पुष्कळ होते. 'हा मजला मंजूर आहे का' या प्रश्नाचा तेवढा नव्हता.

मुंबई लांब वाटत असेल तर महाड बघा. करमाळ्यासारखंच तालुक्याचं गाव, तिथंही नगरपरिषदच. २४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी तारिक गार्डन ही पाच मजली निवासी इमारत कोसळली आणि १६ जण गेले. इमारतीला दहा वर्षंही झाली नव्हती. जुनी इमारत पडते, नवी टिकते, हे गृहीतक त्या दिवशी खोटं ठरलं. मंजूर नकाशावर शिक्का असतो, पण कॉलममध्ये किती सळई गेली हे शिक्का सांगत नाही. त्यासाठी वेगळं साधन लागतं: संरचना अभियंता कोण होता, त्यानं कामाच्या वेळी येऊन तपासलं का, त्याचा दाखला आहे का. शक्य असेल तर पैसे मोजून स्वतःचा एक अभियंता नेऊन दाखवा. लाखांच्या व्यवहारात ही फी लोकांना का जड वाटते हे मला कळत नाही.

आपल्याकडं मातीचाही प्रश्न आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात, हे शेतकऱ्याच्या पोराला शिकवायला नको. तीच माती पायाखाली असते. पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेला का, हे विचारा. आणि त्याच बिल्डरची पाच-सहा वर्षं जुनी इमारत उन्हाळ्याच्या शेवटी बघून या. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या चिरा निघाल्यात का ते दिसेल.

आता रेरा. 'रेरा आहे ना, मग काळजी कशाला' असं तुम्हाला ऐकवलं जाईल. स्थावर संपदा कायदा २०१६ चा, आणि महारेरा १ मे २०१७ पासून काम करतंय. कायदा चांगला आहे, मी त्याच्या बाजूनं आहे. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर-बांधकामावर खर्च करायचे. नोंदणीकृत करारनाम्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायची नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर बिल्डरनं स्वखर्चानं दुरुस्त करायचा. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा मंजूर नकाशा, वकिलाचा मालकी अहवाल, जमिनीवरचे बोजे, किती फ्लॅट विकले, हे सगळं फुकट बघायला मिळतं. संशोधकाला याहून काय हवं?

पण याच कायद्याच्या कलम ३ मध्ये सूट आहे. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल, किंवा फ्लॅटची संख्या आठपेक्षा जास्त नसेल, तर नोंदणीची सक्ती नाही. आता करमाळ्यातल्या इमारती डोळ्यासमोर आणा. खाली दुकानं, वर दोन-तीन मजले, मजल्यावर दोन फ्लॅट. अशा कितीतरी इमारती या सुटीतच बसतात. म्हणजे पुण्यातल्या ग्राहकाला जो डेटा घरबसल्या मिळतो, तो नेमका छोट्या गावातल्या ग्राहकाला मिळत नाही. रेराची आकडेवारी घेऊन 'महाराष्ट्रातला घरबांधणी व्यवसाय' असा शोधनिबंध कुणी लिहिला तर त्यात करमाळा जवळपास दिसणारच नाही. नमुन्यातून कोण गळालं हे विचारायची सवय इथून लावून घ्या. आणि नोंदणीला सूट म्हणजे सगळ्या कायद्यातून सुटका, असा अर्थ बिल्डरनं सांगितला तरी घेऊ नका. १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा, ज्याला सगळे मोफा म्हणतात, तो आहेच. त्यातही करारनामा नोंदवायचं बंधन आहे.

बँकेच्या लोनचंही असंच. बँकेचा वकील कागद तपासतो ते बँकेचे पैसे सुरक्षित राहावेत म्हणून. तुमचा पगार, जामीनदार, तारण हे सगळं त्या हिशोबात असतं. लोन मंजूर झालं हा तुमच्याविषयीचा निष्कर्ष आहे, फ्लॅटविषयीचा अर्धामुर्धा.

माझ्या नावावर नेमकं काय होतं?

कंडोमिनियम हा शब्द परदेशातल्या नातेवाइकांकडून ऐकलेला असतो. आपल्याकडं त्याला सरळ 'अपार्टमेंट' म्हणतात, आणि गोंधळ तिथंच सुरू होतो. कारण पाटीवर 'अपार्टमेंट' लिहिलं म्हणून ती कायद्यानं अपार्टमेंट असतेच असं नाही. महाराष्ट्रात दोन वेगळे रस्ते आहेत.

पहिला सहकारी गृहनिर्माण संस्थेचा, १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखालचा. यात जमीन आणि इमारत शेवटी सोसायटीच्या नावावर होते. तुम्ही सभासद, तुमच्याकडे भाग दाखला आणि तो फ्लॅट वापरण्याचा हक्क. दुसरा महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायदा, १९७० चा. इथं बिल्डर किंवा मालक एक घोषणापत्र नोंदवतो आणि प्रत्येकाला वेगळं अपार्टमेंटचं खत करून मिळतं. फ्लॅट थेट तुमच्या मालकीचा, आणि जमीन, जिना, गच्ची यांत तुमचा अविभक्त हिस्सा, टक्केवारीत लिहिलेला.

ऐकायला दुसरा रस्ता जास्त भारदस्त वाटतो. 'आपल्या नावावर' म्हटलं की माणूस खूश. पण ती टक्केवारी कुठं कुठं लागू होते ते बघा. सोसायटीत एका सभासदाला एक मत, फ्लॅट मोठा असो की छोटा. अपार्टमेंटमध्ये बहुमत टक्केवारीनं मोजतात. समजा आठ फ्लॅटची इमारत आहे, खालची दुकानं आणि वरचे दोन मोठे फ्लॅट मूळ जागामालकाकडेच राहिले, आणि घोषणापत्रात त्याचा हिस्सा ५१ टक्के किंवा त्याहून जास्त निघाला. मग बैठकीला तुम्ही सगळे सहा जण एका बाजूला बसलात तरी निकाल ठरलेला. देखभालीचा खर्चही टक्केवारीनं वाटला जातो, तर सोसायटीच्या आदर्श उपविधींत सेवाशुल्क सर्वांना सारखं असतं. छोट्या फ्लॅटवाल्याला खर्चात अपार्टमेंट परवडतं, मतात परवडत नाही. तक्रार घेऊन जायला सोसायटीसाठी उपनिबंधक, सहकार न्यायालय अशी रुळलेली वाट आहे. विकताना हस्तांतरणाचा प्रीमियम किती घ्यायचा यालाही सोसायटीत शासनानं २५ हजारांची कमाल मर्यादा घातली आहे. अपार्टमेंटच्या संघाचा कारभार मात्र त्याच्या घोषणापत्रावर आणि उपविधींवरच चालतो. म्हणून घोषणापत्र मिळवा आणि खत करायच्या आधी वाचा. ते नोंदणीकृत असतं, त्याची नक्कल मिळते.

मला वाटतं, छोट्या गावात सोसायटी बरी. हे माझं मत आहे, निष्कर्ष नाही.

आणि तिसरा प्रकार कायद्याच्या पुस्तकात नाही, पण गावात भरपूर आढळतो: काहीच न करणं. फ्लॅट विकले, खतं झाली, घरपट्टी ज्याची त्याच्या नावावर चढली, बिल्डर पुढच्या साइटवर गेला. सोसायटी नाही, संघ नाही. जिन्यातल्या दिव्याचं बिल कुणाच्या नावावर? बिल्डरच्या. बोअरची मोटर जळाली की वर्गणी. गच्ची गळायला लागली की वरच्या मजल्यावाला म्हणतो सगळ्यांची आहे, खालचा म्हणतो तुमच्या डोक्यावर आहे. इमारती कशा खराब होतात याचं उत्तर सिमेंटमध्ये शोधलं जातं. माझ्या मते बऱ्याचदा ते इथं असतं: जबाबदार अशी कायदेशीर व्यक्तीच अस्तित्वात नसते.

जमिनीचंही तेच. सोसायटी होऊनही बिल्डर जमीन तिच्या नावावर करून देत नाही, हे इतकं सर्रास होतं की २००८ मध्ये मोफात दुरुस्ती करून मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद आणावी लागली. आता जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून ते मिळवता येतं, पण आयत्या मिळू शकणाऱ्या गोष्टीसाठी कशाला खेटे घालायचे? यावर एक सोपी चाचणी आहे. बिल्डरनं आधी पूर्ण केलेल्या एखाद्या इमारतीचा गट नंबर किंवा सि.स. नंबर मिळवा, आणि तिचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका ऑनलाइन काढा. आज तिथं नाव कुणाचं आहे? सोसायटीचं असेल, किंवा अपार्टमेंटधारकांची खतं झाली असतील, तर उत्तम. अजून जुन्या जागामालकाचंच असेल तर तुमच्या फ्लॅटचं दहा वर्षांनी काय होईल हे तुम्हाला आजच दिसलं. माहितीपत्रक काय सांगतं ते दावा, आधीच्या इमारतीचा उतारा काय सांगतो तो पुरावा.

पार्किंगबद्दल थोडक्यात. इमारतीखालची खांबांमधली जागा फ्लॅटसारखी वेगळी विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये नहालचंद लालूचंद खटल्यात मोफाच्या संदर्भात सांगितलं. रेरा कायद्यात उघडं पार्किंग सामाईक क्षेत्रात मोडतं. तरी 'पार्किंगचे लाखभर वेगळे' हे ऐकायला मिळेलच.

छेद कोणता धरला?

रेट सांगताना चौरस फूट कोणते हे सांगत नाहीत. समजा ९०० फुटांचा फ्लॅट, २,८०० रुपये दर, म्हणजे २५ लाख २० हजार. यातलं कार्पेट क्षेत्र ६३० फूट निघालं तर खरा दर झाला ४,००० रुपये. किंमत तीच, फक्त छेद बदलला. शेजारचा बिल्डर ३,६०० कार्पेट म्हणत असेल तर तो महाग वाटतो आणि असतो स्वस्त. रेरानं कार्पेट क्षेत्राची व्याख्या केलीय: बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि खासगी गच्ची वगळून, आतल्या भिंती धरून. फीत घेऊन स्वतः मोजा.

वरच्या खर्चात मुद्रांक शुल्क, नोंदणी फी (१ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार) आणि बांधकाम चालू असेल तर जीएसटी. महानगरांबाहेर ९० चौरस मीटरपर्यंतचं कार्पेट आणि ४५ लाखांपर्यंत किंमत असलेल्या घराला एप्रिल २०१९ पासून तो १ टक्का आहे, त्यापुढच्या घरांना ५ टक्के. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर विकलेल्या फ्लॅटला जीएसटी लागत नाही. हप्त्याचं गणितही कागदावर मांडा: २५ लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं म्हणजे महिना साधारण २१,७०० रुपये आणि एकूण परतफेड ५२ लाखांच्या आसपास. तसाच फ्लॅट भाड्यानं कितीला मिळतो ते विचारून हा आकडा त्याच्याशेजारी लिहा. आपल्यापैकी ज्यांचा हप्ता फेलोशिपमधून जाणार आहे त्यांनी ती किती महिने अडकते तेही त्याच कागदावर लिहावं.

क्षेत्रभेट

कागद झाले की माणसं. इथं बरेच जण एकच चूक करतात: बिल्डरनं ज्याच्याकडे नेलं त्यालाच विचारतात. हा नमुना आधीच निवडलेला असतो. तुम्ही स्वतः जा, आणि ज्यांनी तिथला फ्लॅट विकला त्यांना आधी शोधा. नंतर भाडेकरूंना विचारा. मालक सहसा वाईट बोलत नाही, त्याला उद्या विकायचा असतो. भाडेकरूला लपवायचं काही नसतं.

प्रश्नही असा विचारा की उत्तर 'हो-नाही'त संपणार नाही. "पाण्याचा त्रास आहे का?" असं विचारलं की "नाही हो, भरपूर आहे" येतं. "मागच्या मे महिन्यात नळ किती दिवसांनी यायचा आणि टँकर किती मागवले?" असं विचारलं की माणूस आठवायला लागतो आणि आकडे येतात. आपला दुष्काळी तालुका. उजनीच्या जवळ असणं आणि तिसऱ्या मजल्यावर पाणी चढणं यांचा थेट संबंध नाही. बोअर किती फूट आहे, मोटर किती वाजता लावतात, टाकी कोण धुतं, आणि त्या मोटरचं विजेचं बिल कुणाच्या नावानं येतं ते बघा. बिल मागून घ्या, फोटो काढा. त्यावर अजून बिल्डरचंच नाव असेल तर अपार्टमेंट, सोसायटी की काहीच नाही, याचं उत्तर घोषणापत्र मागायच्या आधीच हातात आलेलं असतं.